आजारी माणसानं बसायचं कुठं?

(चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, २० मार्च रोजी, नवी दिल्लीतील सरोजिनी नगर येथे मराठी कर्मचारी कुटुंबांच्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज आपण महाडबद्दल बोलतो, पाण्याबद्दल बोलतो. मला इथल्या भावांनी विचारलं, "ताई, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, बागेतल्या बाकावर. ते जरा गप्पच झाले. मग म्हणाले, "चालेल, पण विषय महाडशी जुळला पाहिजे." तो जुळतो की नाही, हे तुम्ही शेवटी ठरवा.

मी भंडारा जिल्ह्यातली. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून लागले आणि दिल्लीला आले. इथेच, सरोजिनी नगरात, जुन्या दुमजली इमारतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. मला सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न. विदर्भातल्या माणसाला ही दोन अक्षरं पुरतात. समोर बसलेल्या काहींच्या घरातही कोणी एएस आहे, कोणी एसएस आहे, हे मला माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. माझ्या पेशी शरीरात पाणी कमी झालं, थंडी वाजली, फार दमणूक झाली किंवा प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग दुखतं. कसं दुखतं ते सांगत नाही. ज्याच्या घरात हे आहे त्यानं ते रात्री ऐकलेलं असतं. अशा अडकण्यानं माझ्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला, म्हणून ही काठी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण आपल्यालाही ती नीट माहीत नसते. हा "आपल्या समाजाचा रोग" नाही. जिथे पूर्वापार मलेरिया होता, त्या आफ्रिकेत, अरबस्तानात, मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात हा जनुक टिकला. कारण ज्याच्याकडे तो एकाच बाजूनं आलेला असतो, त्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. तो आदिवासींत आहे, आपल्यात आहे, इतरही जातींत आहे. पुढे जातीतच लग्नं होत राहिली म्हणून तो त्या-त्या जातीत साचला. म्हणजे जातीनं रोग निर्माण केला नाही, पण रोगाला कुंपण मात्र जातीनंच घातलं.

आता बागेकडे येते.

डॉक्टर मला काय सांगतात? औषध वेळेवर घ्या. हायड्रॉक्सियुरिया चालूच आहे. भरपूर पाणी प्या. थंडीत ऊब ठेवा, उन्हात बसा. उन्हाळ्यात सावलीत राहा. थोडं चाला, पण दमू नका, दम लागला की बसा. मोकळ्या हवेत जा, मन शांत ठेवा. ऐकायला किती सोपं आहे! ही सगळी वाक्यं फुकट वाटतात. पण या प्रत्येक वाक्याच्या मागे एक जागा लागते. चालायला सपाट वाट लागते. बसायला बाक लागतो, आणि खुबा गेलेल्या माणसाला पाठ टेकायचा बाक लागतो. पाणी प्यायचं तर नळ लागतो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, सारखं लघवीला जावं लागतं, म्हणजे जवळ उघडा संडास लागतो. ऊन हवं तर अंगण लागतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, ती दुकानात मिळते. हे बाकीचं कुठल्या दुकानात मिळतं?

ज्याच्याकडे बंगला आहे, त्याला हे सगळं कुंपणाच्या आत मिळतं. आपल्या मराठीत त्यासाठी एक जुना शब्दही आहे, हवापालट. क्षय झाला, अशक्तपणा आला, की खाऊनपिऊन सुखी घरातला माणूस हवापालटाला जायचा. पाचगणी, देवळाली, लोणावळा, माथेरान. तिथे आरोग्यभवनं होती, आणि त्यांतली कितीतरी त्या-त्या ज्ञातीनं आपल्या ज्ञातीसाठी बांधलेली होती. दारावर ज्ञातीचं नाव. म्हणजे डोंगरावरची हवासुद्धा जातीजातीनं वाटलेली होती. आपल्या आज्या-पणज्यांना क्षय झाला नाही असं नाही. त्यांना हवापालट सांगितला असता, तरी त्या कुठे गेल्या असत्या? गावात ज्या दिशेला घाण वाहते, तिकडे आपली वस्ती. तीच हवा, तेच पाणी, त्यात पालट कसला?

मी मात्र नशीबवान ठरले. सरोजिनी नगरात मला हवापालट दारातच मिळाला. ही वसाहत १९५०च्या दशकातली. पूर्वी तिला विनयनगर म्हणत. इमारती साध्या, पण दोन ओळींच्या मध्ये हिरवळ, आणि कडुनिंब, जांभूळ, पिंपळ, पिलखन अशी मोठी झाडं. दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीत घराच्या आतली फरशी बर्फासारखी होते. तेव्हा सकाळी दहानंतर सगळ्या बाया चटया घेऊन बाहेर येत. कोणी मटार सोलतंय, कोणी विणतंय. मी तिथे बसून उन्हात हाडं शेकायची. उन्हाळ्यात त्याच जागी कडुनिंबाची सावली. सुट्टीच्या दिवशी, आजारी रजेच्या दिवशी मी तिथेच असायची. मला कोणी विचारलं नाही की तू इथे का बसलीस. क्वार्टर माझ्या नावावर होतं ना.

मग २०१६ साली सात सरकारी वसाहती पाडून नव्यानं बांधायची योजना मंजूर झाली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर. २०१८च्या उन्हाळ्यात आकडे बाहेर आले. एकट्या सरोजिनी नगरातली सुमारे ११ हजार झाडं जाणार होती. जूनमध्ये लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. एका अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच महिन्यात तोड थांबवली. हाडांचा डॉक्टर झाडांसाठी कोर्टात जातो, ही गोष्ट मला फार आवडली. मीसुद्धा काठी टेकत दोन संध्याकाळी तिथे उभी राहिले.

तेव्हा सरकारी बाजूनं सांगितलं जात होतं की एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावू. कुठे? शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी. अहो, ज्या माणसाला शंभर पावलांवर बसावं लागतं, त्यानं त्या रोपाच्या सावलीला दोन बस बदलून जायचं का? आणि ते रोप सावली देईपर्यंत मी असेन का? हिशेबात झाडाची भरपाई होते. त्याखाली रोज बसणाऱ्या माणसाची त्यात नोंदच नसते.

आमचं क्वार्टर रिकामं झालं. दुसऱ्या वसाहतीत गेलो, चौथा मजला, खाली सगळी गाड्यांची रांग. मग मी ऊन शोधत बागांमध्ये जाऊ लागले. आणि मग ती गोष्ट घडली, जी सांगायला मी आज उभी आहे.

दक्षिण दिल्लीतली एक बाग. नाव सांगत नाही, कारण अशा बागा पुष्कळ आहेत. सुंदर बाग, सुंदर बाक. जानेवारीची सकाळ होती. मी उन्हातल्या बाकावर बसले होते. त्या भागात रस्ता झाडणारी एक बाई ओळखीची झाली होती, मी तिला चाची म्हणायची. तिला दमा होता. दिल्लीची धूळ तीस वर्षं झाडूनं उडवल्यावर आणखी काय होणार? धुक्याच्या दिवसांत तिला पाच मिनिटं झाडून दहा मिनिटं टेकावं लागे. त्या दिवशी मीच तिला हाक मारली, "चाची, यहाँ बैठो." ती बाकाच्या कडेला बसली. पाण्याची बाटली माझ्याकडे होती, तिला दिली.

चौकीदार आला. दोघींकडे बघून म्हणाला, "यहाँ बाहर वालों का बैठना मना है. कौन-सी कोठी में काम करती हो?"

त्यानं मलाही विचारलं होतं. माझा रंग, माझी साडी, चाचीशेजारी बसणं, त्याला तेवढं पुरलं. मी काय केलं? मी पिशवीतून कार्यालयाचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, "सॉरी मॅडम, आप बैठिए." आणि मी बसले. चाची उठली. झाडू उचलला, काही बोलली नाही, निघून गेली.

मी त्या उन्हात आणखी अर्धा तास बसले होते. हाडं शेकली गेली. पण घरी आल्यावर मला वाटलं, मी आज महाडला असते तर कुठल्या बाजूला उभी असते?

कारण महाडला नेमकं काय झालं होतं? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ऐकलंत? पाणवठा आणि दवाखाना एकाच ठरावात आहेत. शंभर वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या माणसांना कळलं होतं की औषध आणि पाणी वेगळं करता येत नाही. महाड नगरपालिकेनं १९२४ साली ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर. आपलं कोणी तिथे पाणी पिऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यासाठी आपल्या लोकांनी मार खाल्ला, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. दहा वर्षं.

तळ्यावर कोणी एकटं ओळखपत्र दाखवून पाणी प्यायलं नाही. बाबासाहेबांकडे तर पदव्या होत्या, ते बॅरिस्टर होते. त्यांना वेगळा पेला मिळालाही असता. ते सगळ्यांना घेऊन गेले.

पुढे संविधानात अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात हेच आलं. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा. राबता म्हणजे येणं-जाणं, वावर. जिथे लोकांचा राबता आहे आणि जी शासनाच्या पैशानं चालते किंवा लोकांसाठी दिलेली आहे, ती जागा जातीवरून कोणाला नाकारता येणार नाही. बाग ही राबत्याची जागा आहे. पण बागेच्या फाटकावर आज कोणी जात विचारत नाही. कोणत्या कोठीत काम करतेस, एवढंच विचारतात. दिल्लीत रस्ता झाडणारी कोणत्या जातीची असते, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणारीलाही.

आता कोणी म्हणेल, ताई, आपल्या लोकांना औषध मिळत नाही, रक्ताची पिशवी मिळत नाही, आणि तुम्ही झाडं-बागा काय घेऊन बसलात? ही शंका खरी आहे. मीही कोणाला खोटी आशा देणार नाही. झाडाखाली बसून सिकलसेल बरा होत नाही. मधुमेह, दमा, संधिवात, काहीच बरं होत नाही. निसर्गानं रोग घालवतो असं सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहा. पण दीर्घ आजार म्हणजे काय? बरं न होता जगायचं, वर्षानुवर्षं. त्या जगण्यात दुखणं थोडं कमी होणं ही मोठी गोष्ट असते. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या अभ्यासकानं पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. १९८४ साली हे "सायन्स" नियतकालिकात छापून आलं. नुसत्या दिसण्यानं एवढा फरक पडत असेल, तर विटांची भिंत कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न आरोग्याचाच आहे.

इथून थोड्या अंतरावर एम्स आणि सफदरजंग आहे. बाहेर फुटपाथवर, मेट्रोच्या दारापाशी, उड्डाणपुलाखाली देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दिवस काढतात. आपल्या गडचिरोली-गोंदियाकडूनही लोक येतात, मला बोलवतात, मी हिंदी बोलायला सोबत जाते. तपासणीची तारीख मिळते दहा दिवसांनी. ते दहा दिवस त्या पोरानं बसायचं कुठं? त्याच शहरात दुपारच्या वेळी कुलूप लावलेल्या बागा आहेत.

आणखी एक कबुली द्यायची आहे. एप्रिल २०२२ मध्ये याच सरोजिनी नगरातल्या सुमारे दोनशे झुग्ग्या पाडायची तयारी झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली. त्या झुग्ग्यांतही दमेकरी होते, मधुमेही होते, म्हाताऱ्या होत्या. झाडांसाठी मी दोन संध्याकाळी उभी राहिले होते. झुग्ग्यांसाठी एकही संध्याकाळ नाही. मी आजारी होते, हे खरं. पण झाडांच्या वेळीही मी आजारीच होते.

म्हणून सांगते, आपलं मागणं काय असावं.

पहिलं, सार्वजनिक बागेच्या फाटकावर कोणालाही तो कुठे राहतो, कुठे काम करतो, हे विचारायचं नाही. "बाहेरच्यांना मनाई" अशी पाटी दिसली की तिचा फोटो काढा आणि पालिकेला अर्ज करा: ही जागा कोणाच्या पैशानं चालते, आणि ही पाटी कोणत्या आदेशानं लागली? माहितीच्या अधिकारात विचारा. दुसरं, थोड्या-थोड्या अंतरावर पाठीचा बाक, प्यायचं पाणी, उघडा संडास आणि पायरी नसलेलं फाटक. तिसरं, बाग दुपारी उघडी ठेवा. रस्ता झाडणारी, धुणीभांडी करणारी, दवाखान्यात आलेली माणसं दुपारीच टेकतात. चौथं, झाड तोडायचं असेल तर त्याच्याखाली कोण बसतं, हेही आधी विचारा.

यासाठी कायद्याचा आधार आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात मात्र हे रक्ताचे आजार धरलेले नाहीत, ती लढाई वेगळी. पण सार्वजनिक जागा वापरता येण्याचा हक्क त्या कायद्यानं आपल्यालाही दिला आहे. बहुतेकांना ते माहीत नाही, कारण आमचा आजार दिसत नाही. काठी हातात येईपर्यंत मी कार्यालयात "कामचुकार" होते. "कोट्यातून आलेली, काम करायला नको," हे मी मागच्या टेबलावरून ऐकलेलं आहे. दुसऱ्याच्या पाठीला पाठदुखी म्हणतात, आपल्या पाठीला आळस म्हणतात. म्हणून आजार लपवू नका. विशेषतः मुलींचा. लग्न जमणार नाही म्हणून लपवलेली एसएस मुलगी दुखत असताना पाणी भरते, आणि तिच्या दुखण्याचं कारण आपण असतो.

आणि शेवटचं मागणं आपल्या स्वतःकडे. आपल्या विहारांना अंगणं आहेत. आठवड्यातून एकदा वंदनेला उघडतात. ती रोज उघडा. एक बाक ठेवा, एक माठ ठेवा. अतिसारानं घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातानं धुतलं होतं. आपल्याला तर फक्त फाटक उघडायचं आहे.

चाचीचं सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर महिनाभर ती दिसली नाही. मग एक दिवस दिसली. मी म्हटलं, "चाची, चलो, बैठते हैं." ती म्हणाली, "दीदी, आपके पास तो कार्ड है." मी म्हटलं, आज आणलेलं नाही. खरंच आणलं नव्हतं. आम्ही दोघी बसलो. चौकीदार आला. यावेळी मी एवढंच म्हटलं की ही पालिकेची बाग आहे, आम्ही दोघी आजारी आहोत, आणि ऊन जाईपर्यंत इथेच बसणार आहोत. तो थोडा वेळ उभा राहिला. मग गेला. त्यानं नियम बदलला नाही, फक्त त्या दिवशी तो गेला. उद्या तो पुन्हा येईल. म्हणून दोघी पुरेशा नाहीत.

बैठक संपल्यावर चहा इथे घ्यायचा नाही, असं मी भावांना सांगून ठेवलं आहे. बाहेर सावर फुलली आहे. समोरच्या बागेत जाऊन घेऊ. येताना आपल्या जिन्याखाली बसलेल्या झाडूवाल्या दादांना आणि भांडी घासणाऱ्या ताईंनाही सोबत घ्या. पाण्याच्या बाटल्या मी आणल्या आहेत.

जयभीम.